रुमालात बांधलेलं नाव

मला कागदाचा धाक लहानपणापासून. सायकलीचा कुठलाही पार्ट हातात द्या, डोळे मिटून सांगेन कुठला ते. पण शिक्का मारलेला कागद समोर आला की मी आपोआप उठून उभा राहतो. मालवणच्या बाजारपेठेत माझं सायकली भाड्याने द्यायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर हात ग्रीसमध्ये, त्यामुळे कागदाला हात लावायची वेळ फारशी यायचीही नाही. अशा माणसाला आयुष्यात एकदा कोर्टाच्या दफ्तरखान्यातून कागद शोधून आणावा लागला. जिच्याशी मला लग्न करायचं होतं, तिच्या काडीमोडाचा तो कागद.

ती तारकर्लीच्या शाळेत मास्तरीण होती. राहायची मालवणात, आईबरोबर. रोज चालत जायची आणि चालत यायची. एक दिवस माझ्या दुकानाच्या फळीशी उभी राहिली आणि लेडीज सायकल महिन्याच्या बोलीने मिळेल का विचारलं. मी म्हटलं, मिळेल. मग ती म्हणाली, "पण माका सायकल येत नाय. शिकवतल्यात?"

आजूबाजूच्या दुकानांतले लोक हसले. साठ सालच्या आसपासची गोष्ट आहे. बाईमाणसाने सायकल चालवणं म्हणजे बाजारपेठेला महिनाभराची करमणूक. मी सहसा लवकर चिडतो, तेव्हाही चिडलो, आणि त्या चिडण्यातच हो म्हणून बसलो. ओहोटीला किनाऱ्याची ओली वाळू चांगली घट्ट असते, तिच्यावर मी तिला शिकवलं. पहिल्याच दिवशी ती सपशेल पडली. कोपर सोलवटलं होतं, पण उठल्यावर तिने आधी सायकलीचं हँडल वाकलं का ते बघितलं. लग्न करीन तर हिच्याशीच, हे माझं तिथेच ठरलं. मी चौतीस वर्षांचा होतो आणि बहिणींची लग्नं उरकता उरकता माझं राहून गेलं होतं.

मी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. "माझो काडीमोड झालेलो आसा. कोर्टात. मागसून कोणाकडसून कळण्यापेक्षा मीच सांगतंय."

मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या आईला, आणि आईपेक्षा तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला. वडील गेल्यापासून आमच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. मामा काही वाईट माणूस नव्हता. काडीमोड झालेल्या बाया आमच्या गावाकडे त्याने पाहिल्या होत्या. चार जाणती माणसं बसतात, त्यांच्यादेखत काडी मोडतात, संपलं. ते गाव बघतं. हिचा काडीमोड मात्र रत्नागिरीला, तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात, आणि तिथे आमच्यातलं कोणी नव्हतं.

"तां कोणी बघल्यान?" मामा म्हणाला. "उद्या तिचो पयलो घोव दारात येवन उभो रवलो तर? कागद हाड, मगे मी अक्षता टाकतंय. माघ महिनो संपाच्या आत हाड. नायतर मी बघलेलां चेडू आसा, तेका हो म्हण."

आईने मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले. मामाने अक्षता टाकल्याशिवाय आई लग्नाला उभी राहणार नाही, हे मला त्यावरून कळलं.

कागद होता. तिच्या वडिलांनी कोर्टाची नक्कल आणून पेटीत ठेवली होती. वडील वारले, पेटी तशीच राहिली आणि मी विचारल्यावर ती उघडली तेव्हा आत वाळवीने कुरतडलेला भुगा निघाला. आमच्याकडे वाळवीने खाल्लेल्या वस्तूंची यादी करायला बसलात तर एक वही पुरणार नाही. तिने त्या भुग्यातून शिक्क्याचा एक तुकडा काढून दाखवला. त्याच्यावर एकही अक्षर शाबूत नव्हतं.

"मी त्या कोर्टाची पायरी परत चढूचंय नाय," ती म्हणाली.

"तुमका कोण चढूक सांगता? मी जातंय," मी म्हटलं. बोलताना छाती चांगली फुगली होती. तिने मला एक चिठ्ठी लिहून दिली, माझ्या वतीने यांना नक्कल द्यावी अशी, खाली सही केली आणि निकालाचं साल सांगितलं.

पहाटेची एस.टी. धरली की रत्नागिरीला पोचेपर्यंत दिवस कलायचा. एका खानावळीच्या माळ्यावर झोपलो आणि सकाळी कोर्टात गेलो. काय सांगू, माझी पाचावर धारण बसली. एवढे खांब, एवढे काळे कोट, आणि पट्टेवाला नावं पुकारायचा तेव्हा ज्याचं नाव तो सोडून बाकीचेही दचकायचे. मी तीन वेळा चुकीच्या दारात शिरलो. शेवटी एका अर्ज लिहिणाऱ्याने दया येऊन अर्ज लिहून दिला, त्याच्यावर तिकीट चिकटवलं आणि मागच्या बाजूच्या दफ्तरखान्याकडे बोट दाखवलं.

तो दफ्तरखाना मी जन्मात विसरणार नाही. लांबच लांब खोली, छताला भिडलेल्या मांडण्या, आणि त्यांच्यावर लाल कापडात बांधलेली गाठोडी. त्यांना तिथे रुमाल म्हणतात. प्रत्येक रुमालाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर साल आणि आकडे. खालपासून वरपर्यंत माणसांची भांडणंच भांडणं. वाटण्या, बांध, विहिरी, नवरा-बायका. आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टात भांडलं असेल तर तेही तिथेच कुठेतरी बांधलेलं असणार. आमच्या घरात पणजोबाचं नाव कोणाला धड सांगता येत नाही, आणि इथे सरकारने सगळ्या जिल्ह्याचं रडणं-ओरडणं तारीखवार लावून ठेवलं होतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

रेकॉर्डकीपर म्हातारे गृहस्थ होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माझा अर्ज वाचला, एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि नाव शोधायला बोट फिरवू लागले. त्या दिवशी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधीचं साल बघितलं, नंतरचं साल बघितलं. माणूस चिकाटीचा होता. पण शेवटी रजिस्टर मिटून म्हणाले, "या नावाच्या बाईचा काडीमोडाचा दावा आमच्याकडे नाही. साल बरोबर आहे ना? आणि असं करा, जमलं तर बाईंनाच घेऊन या. समक्ष आल्या तर बरं."

मी हात हलवत परत निघालो. आता खरं तेच सांगतो. त्या एस.टी.त मला तिचा राग आला. राजापूर येईपर्यंत रागाची शंका झाली होती. खरंच दावा झाला असेल का? की बापाने लेकीला समजूत म्हणून काहीतरी सांगितलं? की ती मलाच? मामाचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता आणि मामा बरोबर ठरणार याचीच मला जास्त चीड येत होती. आज आठवलं की लाज वाटते.

मालवणात उतरलो तो थेट तिच्या घरी. ती पडवीत वह्या तपासत बसली होती.

"मेळलो?" तिने विचारलं.

"तुमचां नावच नाय त्या कोर्टात, बाई," मी फटकन म्हटलं.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. "खंयचां नाव दिल्यात?"

"खंयचां म्हणजे? तुमचां."

तिने हातातली वही मिटली. मग हळू म्हणाली, "मगे तां मेळूचां नाय."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका वेळ पडला नव्हता, याला म्हणतात सायकलवाल्याची अक्कल. लग्न झालं की नवऱ्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात. आडनाव तर बदलतंच, पण आईबापांनी बारशाला ठेवलेलं नावही त्या ताटात संपतं. सोळाव्या वर्षी तिचंही बदललं होतं. दावा चालला तो त्या नावाने, निकाल लागला तो त्या नावाने. माहेरी परत आली त्या दिवशी तिच्या वडिलांनी सांगितलं, की ते नाव या घरात पुन्हा कोणी उच्चारायचं नाही. दहा वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. मला चिठ्ठी लिहून देताना तिने सवयीने स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि मीही तेच कोर्टात नेऊन दिलं होतं.

"विसरललंय नाय," ती म्हणाली. "पण तां नाव माझां आसा, असां माका कधी वाटलांच नाय."

मी म्हटलं, नवीन चिठ्ठी द्या, मी परत जातो. तिने मान हलवली. ते नाव लिहून माझ्या खिशात घालायचं तिला नको होतं. "लिहूचांच आसात तर माझ्या हातान, थंयसर लिहीन," ती म्हणाली. पायरी न चढणारी बाई पायरी चढायला तयार झाली, आणि एस.टी.त मी काय काय विचार करत आलो होतो ते मी तिला सांगितलं नाही.

आता लग्नाआधी आम्ही दोघं रत्नागिरीला जाणार कसे? मालवणने आमच्या आधी तिथे बातमी पोचवली असती. मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढे बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी पण येतलंय."

आई त्याआधी कुडाळच्या पलीकडे गेलेली नव्हती. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या सुंगटांचं, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीचं, किसमूर बांधून घेतलं, त्या वासाने एस.टी.तल्या सगळ्यांना भूक लागली. मी मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ती. वाटेत दोघी एकमेकींशी जेमतेम चार शब्द बोलल्या. माघ संपायला थोडेच दिवस राहिले होते आणि मी ते बोटांवर मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी दफ्तरखान्याच्या दाराशी आलो तर आई थांबली. तिने वहाणा काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या.

मी वैतागलो. "आये, ह्यां देऊळ न्हय."

"माका म्हायत आसा," आई म्हणाली. "हयसर लोकांची दुःखां बांधून ठेवलेली आसत. थंय चपला घालून कशी जातलंय?"

मास्तरणीनेही चपला काढल्या, मग मीही काढल्या. रेकॉर्डकीपरनी तीन अनवाणी माणसं बघितली आणि काही न विचारता आम्हाला बाकावर बसवलं.

तिने टेबलाशी जाऊन ते नाव सांगितलं. इतकं हळू, की मला ऐकू आलं नाही. रेकॉर्डकीपरनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि ते बोट चौथ्या की पाचव्या ओळीला थांबलं. मी जागेवरून उठलोच. त्यांनी आकडा टिपला, शिडी लावली, वरच्या मांडणीवरून एक रुमाल उतरवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि गाठ सोडली. दहा वर्षांत ती गाठ कोणी सोडली नव्हती. आत पिवळट कागदांची एक चळत निघाली, कडा अगदी शाबूत. घरातला कागद वाळवीने खाल्ला आणि इथे, जिथे तिचं सख्खं कोणी नाही, तिथे तो नीट सांभाळलेला होता. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"आता हीच बाई तुम्ही, हे ठरवायला हवं," ते म्हणाले. "तुमची आजची सही या नावाची नाही." ते पानं उलटू लागले. एका जागी थांबले. चष्मा सारखा केला. आणि मग कागद तिच्याकडे फिरवून त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

ती तिची जबानी होती. जबानीच्या सुरुवातीला साक्षीदाराचं नाव लिहितात. तिथे शाईने एक नाव लिहिलं होतं, तिचं, मला माहीत असलेलं, बारशाचं. त्याच्यावर आडवी रेघ मारली होती. रेघेच्या वर दुसरं नाव लिहिलं होतं आणि शेजारी जज्जसाहेबांची बारकी सही.

"तुम्ही आधी हे नाव सांगितलंत," रेकॉर्डकीपर म्हणाले. "दाव्याच्या अर्जात दुसरं होतं, म्हणून दुरुस्त करावं लागलं. जे अर्जात तेच जबानीत लागतं. पण खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणून एकच रेघ." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची ओळख पटली, बाई."

मी ते बघतच राहिलो. एकोणीस वर्षांची मुलगी, भरलेलं कोर्ट, समोर तो नवरा आणि त्याची माणसं. तुझं नाव काय म्हणून विचारल्यावर तिने स्वतःचं सांगितलं होतं. ते खोडलं गेलं. आणि त्याच खोडलेल्या नावाने आज तिची ओळख पटवली होती. मला देवळात कधी भरून येत नाही, तिथे आलं. मी मान खाली घातली आणि ग्रीसने काळी पडलेली स्वतःची नखं बघत बसलो.

"जबानीचीही नक्कल हवी का?" रेकॉर्डकीपरनी मला विचारलं. "अकरा पानं आहेत."

अकरा पानं. ती अकरा पानं माझ्या हाताच्या अंतरावर होती, आणि राजापूरपर्यंत तिच्यावर शंका घेत आलेला मीच तो माणूस. वाचायची इच्छा झाली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नको," मी म्हटलं. "फक्त निकाल."

त्यांनी जबानीवर हात ठेवून पान उलटलं. तिने अर्जावर सही केली. ते नाव लिहायची तिच्या हाताला सवय नव्हती. फळ्यावर इतकं देखणं अक्षर काढणारी ती बाई, एकेक अक्षर शोधून काढत होती. सही झाल्यावर पेन टेबलावर ठेवलं आणि हात पदराला पुसला.

नक्कल तयार व्हायला दुपार झाली. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. आत रुजवात चालली होती. म्हणजे एक कारकून मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा नक्कल पडताळून बघतो. निकाल इंग्रजीत होता. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती पोथी ऐकावी तशी हात जोडून ऐकत होती. वाचून संपलं तेव्हा तिने हात सोडले आणि अचानक म्हणाली, "माझां पण नाव वेगळां होतां."

मी वळून बघितलं.

"अकरा वर्सांची होतंय. तुझ्या आज्यान ताटात नाव लिवन घेतल्यान. रात्री माका त्या नावान हाक मारली ती माका कळलीच नाय. मी तशीच बसान रवलंय. वळण नाय म्हणान ओरडले." आणि तिने आपलं माहेरचं नाव सांगितलं.

मी चौतीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो होतो. मला ते नाव माहीत नव्हतं. मामाही तिला नुसतं बाय म्हणायचा.

"आये, इतक्या वर्सांत सांगलंस कशाक नाय?"

"कोणी इचारल्यानच नाय," आई म्हणाली. माझ्या पलीकडे बसलेली ती पुढे वाकली आणि आईला तिच्या त्या नावाने एकदा, अगदी हलक्या आवाजात हाक मारून बघितली. आई लाजली. मग दोघींनी राहिलेली भाकरी वाटून खाल्ली आणि मला विचारलंही नाही.

कागद मामाच्या हातात दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण शिक्का त्याने उन्हात धरून बघितला, बोट फिरवून बघितला. मग कागद नीट दुमडला. "बरां," एवढंच म्हणाला. माघ संपायला तीन दिवस असताना आमचं लग्न लागलं आणि मामाने अक्षता चांगल्या जोरात टाकल्या.

घरी आल्यावर लक्ष्मीपूजन झालं. भटजींनी ताटात तांदूळ पसरले, अंगठी माझ्या हातात दिली आणि सवयीने म्हणाले, "हं, सुनेचं नाव काय ठरलं?"

आईने सुनेसाठी नाव कधीच ठरवून ठेवलं होतं, माझ्या आजीचं. साऱ्या घराला माहीत होतं. सगळे आईकडे बघायला लागले. आईने ते नाव घेतलं नाही.

मी अंगठी तांदळावर टेकवली नाही. मी ती तिच्या हातात दिली. म्हटलं, "तूच लिही."

"ही खंयची रीत?" मामा म्हणाला. "घराण्यात नाव बदलूकच व्हयां."

तिचा हात ताटावर थांबला. रत्नागिरीच्या टेबलावर एकेक अक्षर शोधताना थांबला होता तसाच. तिने वर बघितलं, माझ्याकडे नाही, आईकडे.

आई पुढे सरकली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

"लिही गो बाय," आई म्हणाली. "आता खोडूक कोण येता तां मी बघतंय."